रुग्णांना पंख देणारी मारी

पावसाळ्यात हिरण्यकेशीला पूर आला की बंधारे पाण्याखाली जातात आणि नदीपलीकडच्या गावांना गडहिंग्लज गाठायला मोठा वळसा पडतो. आजरा-चंदगडकडच्या डोंगरातल्या वाड्यांची, धनगरवाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथून दिवस भरलेल्या बाईला खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत आणायचं म्हणजे घोंगड्याची नाहीतर चादरीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि चार गड्यांनी ती खांद्यावर घ्यायची. रस्त्याला लागलं की मग १०८ ची गाडी. ही गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात धावते आहे आणि तिने कितीतरी लेकरं-बाया वाचवल्या, हे आपण सगळ्या जाणतो. पण गाडीला रस्ता लागतो. आणि गडहिंग्लजात पोचूनही केस अवघड निघाली तर पुढे कोल्हापूरचं सीपीआर नाहीतर बेळगाव, म्हणजे आणखी साठ-सत्तर किलोमीटर. चंदगडच्या टोकाच्या गावाहून कोल्हापूर तर शंभराच्या वर.

रस्ता नाही तिथे आभाळातून जावं, हे आज आपल्याला सिनेमात बघून माहीत आहे. पण विमान नावाची वस्तू जेमतेम उडायला लागली होती, बसणाऱ्यालाच जिवंत उतरण्याची खात्री नव्हती, त्या काळात त्या विमानातून आजारी माणसाला न्यायचं हे एका बाईच्या डोक्यात आलं. नुसतं आलं नाही, तर पुढची पन्नास वर्षं तिने तोच एक ध्यास घेतला. तिचं नाव मारी मार्व्हँ. फ्रान्समध्ये तिच्या नावाचे रस्ते आहेत, शाळा आहेत. आपल्याकडे मात्र तिची ओळख फारशी नाही.

मारीचा जन्म २० फेब्रुवारी १८७५ चा, फ्रान्समधल्या ओरियाक गावचा. वडील पोस्टखात्यात अधिकारी. बदलीची नोकरी, मध्यमवर्गीय घर. तिचं लहानपण गेलं मेत्झ शहरात. हे शहर तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. १८७०-७१ च्या लढाईत फ्रान्स हरला आणि तो मुलूख गेला. घरात फ्रेंच, बाहेर जर्मन. आपल्या सीमाभागातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वडिलांना खेळांचं भारी वेड. मुलगा अशक्त होता, आजारी असायचा. मग त्यांनी मुलीलाच पोहायला शिकवलं, डोंगर चढायला नेलं, सायकलवर बसवलं. मुलगी आहे म्हणून हात आखडता घेतला नाही. मारी १४ वर्षांची असताना १८८९ मध्ये आई गेली. घरातली थोरली बाई आता तीच. वडील, आजारी भाऊ, स्वयंपाकपाणी, सगळं तिच्यावर आलं. कुटुंब नान्सी या शहरात राहायला आलं आणि तेच मग जन्मभर तिचं गाव झालं.

इथे एरवी गोष्ट संपते, नाही का? आई नसलेली थोरली मुलगी, घर सांभाळलं, वेळेवर लग्न झालं. मारीने घर सांभाळलं आणि वर्षभरात, पंधराव्या वर्षी, एक लहानशी होडी घेऊन नान्सीपासून जर्मनीतल्या कोब्लेंझपर्यंत नदीतून वल्हवत गेली. चारशे किलोमीटरच्या वर! वडिलांनी जाऊ दिलं, याचंच मला जास्त अप्रूप वाटतं.

पुढच्या वीस वर्षांत तिने काय काय केलं त्याची यादी द्यायची तर हा रकाना पुरायचा नाही. पोहणं, तलवारबाजी, घोडेस्वारी, बर्फावरचे खेळ, नेमबाजी. आल्प्सची अवघड शिखरं. मोटार चालवण्याचा परवाना १८९९ मध्ये, म्हणजे मोटार हीच नवलाई होती तेव्हा. १९१० मध्ये फ्रान्सच्या क्रीडा अकादमीने तिला सुवर्णपदक दिलं, आणि ते एका खेळासाठी नव्हतं, सगळ्या खेळांसाठी मिळून होतं. असं पदक त्या संस्थेने दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

सायकलची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. फ्रान्सला फेरी घालणारी सायकल शर्यत, 'टूर द फ्रान्स', तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. १९०८ च्या शर्यतीत मारीने नाव द्यायला अर्ज केला. बाई म्हणून तो नाकारला गेला. मग तिची चरित्रं सांगतात की पुरुष निघाले की त्यांच्यामागून ही निघायची आणि प्रत्येक टप्पा तिने पुरा केला. सगळी मिळून साडेचार हजार किलोमीटरच्या जवळपासची वाट. त्या वर्षी शंभरावर पुरुष निघाले होते, शेवटपर्यंत पोचले ३६. मारीला नंबर नाही, बक्षीस नाही, कुठल्या यादीत नाव नाही. वर्तमानपत्रांनी तिला संकटाची वाग्दत्त वधू असं नाव पाडलं. तिने लग्न कधी केलंच नाही, त्यामुळे हे नाव तिला शेवटपर्यंत चिकटलं. (बिनलग्नाची बाई म्हटलं की तिचं कुणाशी तरी नातं जोडल्याशिवाय तिकडच्याही लोकांना चैन पडत नसावं!)

आता आभाळ. सुरुवात गरम हवेच्या नव्हे, गॅसच्या बलूनपासून झाली. २६ ऑक्टोबर १९०९ ला मारी एका सोबत्याला घेऊन नान्सीहून बलूनमधून निघाली. बलूनचं नाव होतं 'उल्का'. वादळी हवा, खाली समुद्र, आणि बलून इतका खाली यायचा की टोपली लाटांना टेकायची. तशातून ती इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. युरोपच्या भूमीवरून बलून हाकत समुद्र ओलांडून इंग्लंडला गेलेली ती पहिली बाई.

वर्षभरात ती विमान शिकली. त्या वेळची विमानं म्हणजे लाकडी काड्या, कापड आणि तारा. वैमानिक उघड्यावर बसायचा, तोंडावर इंजिनाचं तेल उडायचं. मारी शिकली ती 'आंत्वानेत' नावाच्या विमानावर, आणि हे विमान चालवायला फार अवघड म्हणून बदनाम होतं. दोन्ही हातांना दोन चाकं फिरवायची, पायाने वेगळंच काही दाबायचं. शिकवणारे होते ह्युबेर लाथाम, इंग्लंडची खाडी ओलांडताना विमानासकट पाण्यात पडलेले गृहस्थ. ८ नोव्हेंबर १९१० ला मारीला परवाना मिळाला, नंबर २८१. फ्रान्समध्ये विमानाचा परवाना मिळवणारी ती तिसरी बाई. तिच्या आधी रेमोंद द लारोश आणि मार्त निएल. त्याच महिन्यात ५३ मिनिटं हवेत राहून तिने बायकांचा विक्रम नोंदवला.

लक्षात घ्या, फ्रान्समध्ये बायकांना मताचा अधिकार मिळाला १९४४ मध्ये. म्हणजे ही बाई ३५ व्या वर्षी विमान उडवत होती, पण मत द्यायला तिला सत्तरीपर्यंत थांबावं लागलं.

आणि याच १९१० मध्ये मारीने सरकारकडे आपली कल्पना मांडली. जखमी माणसाला नेण्यासाठी खास विमान बनवा. लढाईत आणि एरवीही माणूस मरतो तो बऱ्याचदा जखमेने नाही, तर वाटेत लागणाऱ्या वेळेने. रक्त जातं, ताप चढतो, बैलगाडीच्या किंवा घोडागाडीच्या धक्क्यांनी मोडलेलं हाड आणखी मोडतं. आज डॉक्टर लोक अपघातानंतरच्या पहिल्या तासाला सोन्याचा तास म्हणतात. मारीने तो शब्द ऐकला नव्हता, पण डोंगरात चढणाऱ्या माणसाला हे कळायला पुस्तक लागत नाही. वर शिखराजवळ कुणाचा पाय मोडला तर खाली गाव दिसत असतं, आणि तिथे पोचायला दोन दिवस लागतात. मला वाटतं कल्पना तिथूनच आली असावी.

सरकार दरबारी काय झालं असेल ते तुम्हीच ताडा. विमान हे अजून जत्रेतलं खेळणं, त्यात बसायला धडधाकट माणसं तयार नाहीत, आणि ही बाई म्हणते आजाऱ्याला बसवा!

मारीने सरकारची वाट बघितली नाही. तेव्हाच्या एका नावाजलेल्या विमान कारखान्याचे, देपेरदुसँ कंपनीचे, अभियंते लुई बेशरो यांच्या मदतीने तिने विमानाचा आराखडा तयार करवून घेतला. मग पैसे. त्यासाठी ती गावोगाव भाषणं द्यायला लागली. बलूनच्या, डोंगरांच्या, विमानाच्या गोष्टी सांगायच्या, लोकांनी कान टवकारून ऐकायच्या आणि शेवटी रेडक्रॉसच्या रुग्णविमानासाठी झोळी पसरायची. मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या बायकांना यातलं सगळं ठाऊक आहे. शंभराची पावती फाडायला दोनदा चहा प्यावा लागतो आणि तिसऱ्यांदा बोलावलं जातं. मारी तर अशा वस्तूसाठी मागत होती जी जगात कुणी पाहिलीच नव्हती. तरी पैसे जमले. १९१२ मध्ये तिने त्या कंपनीकडे रुग्णविमानाची ऑर्डर दिली.

विमान आलं नाही. कंपनीचे मालक आर्मां देपेरदुसँ मूळचे रेशमाचे व्यापारी, मोठा दिमाख, शर्यती जिंकणारी विमानं. १९१३ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि कंपनी बुडाली. लोकांनी पै-पै करून दिलेल्या पैशातून घडायचं ते विमान कागदावरच राहिलं. नान्सीचे नामांकित चित्रकार एमिल फ्रियां यांनी या रुग्णविमानाचं एक चित्र काढलं होतं. विमान कधीच उडालं नाही, चित्र मात्र उरलं.

याची जागा दुसऱ्या कुणी घेतली असती तर तोंड लपवून घरी बसलं असतं. लोकांचे पैसे आपल्या नावावर गोळा करायचे आणि दाखवायला काही नाही, यासारखी लाज नाही. बरं, चूक हिची काडीचीही नाही. मारी पुन्हा भाषणांना निघाली. आयुष्यभरात तिने रुग्णविमानावर तीन हजारांच्या वर व्याख्यानं दिली असं म्हणतात, चार खंडांत.

जरा आपल्याकडे पाहू या. मारी विमान शिकत होती त्याच्या आदल्या वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं होतं आणि तिथून पुढे कितीतरी विधवा, परित्यक्ता बायका नर्सिंग शिकून पायावर उभ्या राहिल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने डॉ. कृष्णाबाई केळवकर अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांवर उपचार करत होत्या. आजचं सीपीआर ते हेच. कृष्णाबाई मारीपेक्षा चारच वर्षांनी लहान. दोघींनी एकमेकींचं नावही ऐकलं नसेल.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. मारी रेडक्रॉसची परिचारिका म्हणून शस्त्रक्रियेच्या कामाला लागली. पण तेवढ्यावर भागेना. एका अधिकाऱ्याला विश्वासात घेऊन तिने पुरुषी वेश केला आणि पायदळाची साधी शिपाई म्हणून खंदकात जाऊन राहिली. काही काळाने उघडकीला आलं आणि तिला परत पाठवण्यात आलं. नंतर सेनापती फॉश यांच्याच सांगण्यावरून ती इटलीच्या सरहद्दीवरच्या डोंगरी तुकडीबरोबर राहिली.

आणि १९१५ मध्ये तिने विमानातून बाँब टाकले. मेत्झजवळच्या फ्रेस्काती इथल्या जर्मन तळावर. युद्धात विमानातून लढाईची कामगिरी करणारी ती जगातली पहिली बाई मानली जाते. त्याबद्दल तिला शौर्यपदक मिळालं. मेत्झ म्हणजे जिथे ती लहानाची मोठी झाली ते गाव. ज्या विमानातून माणसं वाचवायची म्हणून ही बाई पाच वर्षं भांडत होती, त्याच विमानातून तिने आग टाकली. तिचं चरित्र लिहिणारे हे पान मोठ्या अभिमानाने रंगवतात. मला तिथे थोडं अडखळायला होतं. देशासाठी केलं हे खरं, आणि ती त्या युद्धात जखमींना हातांनी शिवतही होती हेही खरं. दोन्ही त्याच बाईने केलं.

गंमत म्हणा की दैव म्हणा, रुग्णविमानाची कल्पना खरी झाली ती याच युद्धाच्या शेवटी. यूजेन शासँ नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी जुन्या लष्करी विमानाच्या पोटात, वैमानिकाच्या मागे, दोन स्ट्रेचर बसतील अशी जागा करून घेतली. पुढे मोरोक्कोच्या लढायांमध्ये फ्रेंच लष्कराने अशा विमानांतून बरेच जखमी हलवले. म्हणजे सैन्याला पटलं. आता मारीचा हट्ट होता की हे सैन्यापुरतं राहू नये. शेतात, डोंगरात, वाळवंटात राहणाऱ्या साध्या माणसासाठीही विमान यावं.

हे काम तिने संस्था काढून केलं. १९२९ मध्ये 'रुग्णविमानाच्या मैत्रिणी' अशा अर्थाच्या नावाची बायकांची संस्था उभी करण्यात तिचा पुढाकार होता. त्याच वर्षी पॅरिसला रुग्णविमानसेवेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीही तिच्या खटपटीतून. दोन वर्षांनी तिने एक स्पर्धा सुरू केली. साध्या प्रवासी विमानाचं झटपट रुग्णविमान करता येईल अशी सर्वांत चांगली रचना करणाऱ्याला बक्षीस. कल्पना किती व्यवहारी बघा. रुग्णासाठी वेगळं विमान वर्षभर उभं ठेवायला पैसा नाही, मग असलेल्या विमानातल्या खुर्च्या काढून स्ट्रेचर लावा. आपल्याकडे लग्नाची जीप अडल्या वेळी बाळंतिणीची गाडी होते, तसंच.

मोरोक्को हा तेव्हा फ्रान्सच्या ताब्यातला देश. वाळवंट, उंटाची वाट, दवाखाना शेकडो किलोमीटरवर. मारीने तिथे बरीच वर्षं काढली, बातमीदार म्हणून आणि वैद्यकीय सेवेतही. वाळूवर विमान उतरलं की चाकं रुततात. लहानपणापासून बर्फावर घसरायला शिकलेल्या मारीने धातूच्या पट्ट्या वापरून वाळूवरही घसरता येतं हे करून दाखवलं आणि विमानाला चाकांच्या जागी तशा पट्ट्या लावाव्यात असं सुचवलं. १९३४ मध्ये तिने मोरोक्कोत नागरी रुग्णविमानसेवा उभी केली. लष्कराची नाही, नागरी. १९१२ मध्ये ज्यासाठी झोळी पसरली होती, ते २२ वर्षांनी झालं. मारी ५९ वर्षांची होती.

विमान झालं, पण विमानात कोण बसणार? हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडेही गाडी येते आणि गाडीत माणूस कोण आहे यावर सगळं ठरतं. विमानात रुग्ण सांभाळणं हे वॉर्डात सांभाळण्यासारखं नसतं. वर गेलं की हवा विरळ होते, छातीच्या रुग्णाला श्वास पुरत नाही. पोटात किंवा जखमेत अडकलेली हवा फुगते, त्यामुळे पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला असह्य दुखू शकतं. इंजिनाचा आवाज एवढा की नळीने छाती तपासता येत नाही, नाडी बोटांनीच बघायची. थंडी, हेलकावे, उलट्या. आणि मदतीला हाक मारायला कुणी नाही. हे सगळं जाणणारी परिचारिका वेगळी तयार करावी लागते, असा मारीचा आग्रह होता. तिने 'आकाशातल्या परिचारिकां'साठी शिक्षणक्रम आखला आणि १९३५ मध्ये अशी अधिकृत प्रमाणपत्राची पहिली परिचारिका ती स्वतःच झाली. साठाव्या वर्षी! त्याच वर्षी तिला फ्रान्सचा मोठा सन्मान, 'लेजियों दोनर', मिळाला.

लोकांना भाषणापेक्षा सिनेमा लवकर कळतो हेही तिने ओळखलं होतं. या काळात तिने रुग्णविमानावर दोन माहितीपट केले. लिहिले तिने, दिग्दर्शन तिचं आणि पडद्यावरही तीच. एकाच्या नावाचा अर्थ होतो 'वाचवणारे पंख'.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा ती पासष्टीला टेकली होती. पुन्हा रेडक्रॉस, पुन्हा परिचारिका. जखमी वैमानिकांना बरं होईपर्यंत राहायला तिने एक घर उभं केलं.

युद्धानंतर हेलिकॉप्टर आलं आणि मारीचा विषयच बदलून गेला. विमानाला धावपट्टी लागते. डोंगरातल्या वाडीला धावपट्टी कुठून आणणार? हेलिकॉप्टरला शाळेचं मैदान पुरतं, कापणी झालेलं रान पुरतं. १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धात लहान हेलिकॉप्टरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून स्ट्रेचर बांधून जखमींना नेत. आपल्या बांबूच्या झोळीचीच ती उडती बहीण म्हणायची. त्याच सुमारास इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात, व्हालेरी आंद्रे ही लहानखुरी फ्रेंच सर्जन स्वतः हेलिकॉप्टर चालवत जंगलात उतरायची. १२९ फेऱ्या करून तिने १६५ जखमींना बाहेर काढलं. १९७६ मध्ये ती फ्रान्सची पहिली महिला जनरल झाली आणि २०२५ मध्ये १०२ वर्षांची होऊन वारली. मारीने बीं पेरलं आणि व्हालेरीसारख्यांनी पीक काढलं.

पण मारी बांधावर बसून बघणारी नव्हती. १९५५ च्या जानेवारीत विमान आणि वैद्यक यांवरच्या कामाबद्दल पॅरिसच्या सॉरबोन विद्यापीठात तिचा मोठा सत्कार झाला. फेब्रुवारीत तिचा ऐंशीवा वाढदिवस. अमेरिकन हवाई दलाने तिला त्या दिवशी जेट विमानात बसवून नान्सीवरून फिरवून आणलं. आणि याच वयात ती हेलिकॉप्टर चालवायचे धडे घ्यायला लागली. परवाना मिळाला नाही, पण शिकली. आपल्याकडे साठीच्या बाईने स्कूटी शिकायची म्हटलं तर सून-मुलगा दोघं हसतात.

मारीने १९१२ मध्ये ज्या रीतीने पैसे उभे करायचा प्रयत्न केला, ती रीत पुढे युरोपात चांगली रुजली. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली स्थापन झालेली 'रेगा' ही हवाई बचावसेवा सरकारच्या पैशावर चालत नाही. लाखो घरं दरवर्षी थोडी थोडी वर्गणी देतात, त्यावर हेलिकॉप्टरं उडतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल या आपल्या चंदगड-आजऱ्यासारख्या टोकाच्या, वेड्यावाकड्या रस्त्यांच्या भागात १९८७ मध्ये त्या देशातलं पहिलं रुग्ण-हेलिकॉप्टर धर्मादाय पैशावर सुरू झालं. आता तिकडे बहुतेक प्रत्येक भागाची अशी धर्मादाय संस्था आहे. लोक जुने कपडे देतात, ते दुकानात विकले जातात. बायका केक करून विकतात. सोडत काढतात. कुणी गेलं तर त्याच्या नावाने देणगी. त्यातून इंधन, वैमानिक, डॉक्टर यांचा खर्च भागतो. ज्याला हेलिकॉप्टर न्यायला येतं त्याच्या हातात बिल देत नाहीत.

आपल्या देशात मोठ्या शहरांतून खासगी हवाई रुग्णसेवा मिळते, पण तिचा खर्च लाखांत जातो. ती आपल्यासाठी नाही. सरकारी पातळीवर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तराखंडमध्ये ऋषिकेशच्या एम्सने 'संजीवनी' नावाची मोफत हेलिकॉप्टर रुग्णसेवा सुरू केली. २०२५ च्या मे महिन्यात केदारनाथला रुग्ण आणायला गेलेलं तेच हेलिकॉप्टर उतरताना मोडलं, सुदैवाने आतली माणसं वाचली. म्हणजे हे काम सोपं नाही, स्वस्त तर नाहीच. २०१९ च्या महापुरात शिरोळ भागातून गरोदर बायकांना, म्हाताऱ्यांना बोटींतून बाहेर काढलं ते आपण पाहिलं. पूर ओसरला की तो विषयही ओसरतो. आमच्या बचत गटात मी एकदा कॉर्नवॉलची ही गोष्ट सांगितली, तर एकीने लगेच हिशेब मांडला की तीन तालुक्यांतल्या सगळ्या गटांनी महिन्याला दहा-दहा रुपये काढले तर किती होतील. हेलिकॉप्टर नाही यायचं त्यात. पण वाडीपासून रस्त्यापर्यंत न्यायला नीट पट्ट्यांचं, घसरणार नाही असं स्ट्रेचर, आणि ते कसं धरायचं हे शिकलेली चार पोरं, एवढं नक्की येईल, असं तिचं म्हणणं पडलं. दोन वाड्यांत ते स्ट्रेचर आता आहे.

मारीकडे परत येते. १९६१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, ती नान्सीहून पॅरिसला सायकलवर गेली. तीनशे किलोमीटरच्या वरची वाट. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण हातात पैसा नव्हता. जन्मभर रेडक्रॉससाठी, रुग्णविमानासाठी लाखो जमवले, त्यातला स्वतःच्या म्हातारपणासाठी ठेवला नाही. नवरा नाही, मुलं नाहीत. घरात तिसाहून जास्त पदकं आणि सन्मान होते, पण पदकांवर दुकानदार किराणा देत नाही. शेवटचे दिवस तिने नान्सीजवळच्या एका धर्मादाय वृद्धाश्रमात काढले. १४ डिसेंबर १९६३ ला ती तिथेच गेली. वय ८८.

तिच्या जाण्याची बातमी बाहेरच्या वर्तमानपत्रांनीही छापली, मग बरीच वर्षं शांतता. २००४ मध्ये फ्रान्सच्या टपालखात्याने तिच्या नावाचं तिकीट काढलं, तेही हवाई टपालाचं.